वाळवणाचं ऊन

एप्रिल लागला की ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसे. जुनी लुगडी आणि प्लास्टिकचे कागद अंथरलेले, त्यावर कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, सांडगे, लाल मिरच्या. राखणीला आजी आणि शेजारच्या दोन काकू. डोक्यावर पदर, हातात कावळे हाकायची काठी, बाह्या कोपरापर्यंत वर. वेळ साधारण सकाळी अकरा ते दुपारी दोन. ‘उन्हात बसल्याने हाडं मजबूत होतात’ असं त्यांच्यापैकी कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. उलट, ‘मेलं हे ऊन’ हेच जास्त ऐकलं.

ती इमारत पडली, तिथे चौदा मजले उभे राहिले. मागच्या वर्षी आमच्या घरातल्या तिघांचे रक्ताचे रिपोर्ट आले, त्यात ड जीवनसत्त्व ९, १२ आणि १४, तिघांचंही कमीच. नऊ माझं. ही काही आमच्याच घरची गोष्ट नव्हे. तलावपाळीच्या कठड्यावर संध्याकाळी चार मंडळी जमली की पूर्वी शुगर आणि बीपीचे आकडे निघायचे, आता ‘तुमचं डी किती?’ हेही विचारलं जातं. आणि त्याच्या पाठोपाठ ‘इम्युनिटी’ हा शब्द येतोच. हा आकडा आपल्या बोलण्यात आला कसा, आणि त्याला रोगप्रतिकारशक्तीची शेपटी कुठून जोडली गेली, हे शोधायला गेलं तर पावणेचारशे वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवात मुडदुसापासून, म्हणजे लहान मुलांची हाडं मऊ पडण्याच्या रोगापासून होते. पायांना बाक, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी, उशिरा भरणारी टाळू. सतराव्या शतकात हा रोग इंग्लंडात इतका दिसू लागला की डॅनियल व्हिस्लर यांनी १६४५ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला आणि १६५० मध्ये फ्रान्सिस ग्लिसन यांनी अख्खा ग्रंथ. पुढे कारखान्यांचा धूर आणि अरुंद गल्ल्या वाढल्या, तसा मुडदूसही वाढला. १८२२ मध्ये श्न्यादेत्स्की या पोलिश डॉक्टरांच्या लक्षात आलं की वॉर्सा शहरातली मुलं मुडदुसाने वाकतात आणि आसपासच्या खेड्यांतली वाकत नाहीत. त्यांनी उपाय सांगितला तो उन्हाचा. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १८९० मध्ये जपानात राहून आलेले थिओबाल्ड पाम हे मिशनरी डॉक्टर निरनिराळ्या देशांची माहिती जुळवून त्याच निष्कर्षाला आले: जिथे गरिबी आहे, घाण आहे, पण ऊन आहे, तिथे मुडदूस नाही. त्यांनाही फार वाट पाहावी लागली.

दरम्यान दुसरा एक धागा चालू होता, क्षयाचा. लंडनमध्ये १८४९ च्या सुमारास क्षयाच्या रोग्यांना कॉडलिव्हर ऑइल, म्हणजे कॉड माशाच्या यकृताचं तेल, देऊन पाहिलं जात होतं. युरोपात डोंगरांवर सॅनिटोरियमं निघाली, तिथे रोग्यांना खाटेसकट व्हरांड्यात उन्हाला ठेवत. कोपनहेगनचे नील्स फिन्सेन यांनी कातडीच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार केला आणि १९०३ चं नोबेल मिळवलं. आपल्याकडे पाचगणीला बेल-एअर सॅनिटोरियम निघालं ते याच लाटेत, आणि देवळालीच्या हवापालटाच्या बंगल्यांची गोष्टही वेगळी नाही. आमच्या आजोबांच्या पिढीत ‘छातीचा विकार’ हा शब्द हळू आवाजात उच्चारत आणि लगेच एखाद्या गावाच्या हवेचं नाव घेत. ऊन नेमकं काय करतं हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. क्षयावर खात्रीचं औषध म्हणून आलं ते स्ट्रेप्टोमायसिन, तेही १९४० च्या दशकात. मग सॅनिटोरियमं ओस पडली.

मुडदुसाचं कोडं मात्र चारेक वर्षांत भराभर सुटलं. १९१९ मध्ये बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी मुडदुसाची मुलं पाऱ्याच्या दिव्याखाली ठेवून बरी केली. त्याच वर्षी इंग्लंडात मेलॅन्बी यांनी कुत्र्याच्या पिल्लांना घरात कोंडून, ओट खायला घालून मुडदूस आणला आणि कॉडलिव्हर ऑइलने घालवला. १९२१ मध्ये न्यूयॉर्कला हेस आणि अंगर यांनी मुलांना नुसतं उन्हात बसवून तेच साधलं. एकीकडे तेल, दुसरीकडे ऊन, आणि गुण एकच. १९२२ मध्ये अमेरिकेच्या मॅकॉलम यांनी कॉडलिव्हर ऑइल तापवून, त्यातून हवा सोडून त्यातलं अ जीवनसत्त्व नासवलं. तरी मुडदूस बरा होतच होता. म्हणजे त्यात आणखी काही होतं. अ, ब, क झाले होते, म्हणून याला ड.

खरं तर हे नाव थोडं चुकलंच. जीवनसत्त्व म्हणजे शरीराला बाहेरून घ्यावंच लागतं असं काही. हे तर उन्हातले २९० ते ३१५ नॅनोमीटरचे अतिनील किरण पडले की कातडीतच तयार होतं, यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्यावर संस्कार होतात आणि त्याचं संप्रेरक होतं. पण एकदा बारशाला ठेवलेलं नाव कोण बदलतो?

त्याच १९२२ मध्ये आपल्या अंगणाजवळचा एक पुरावा छापून आला, आणि मला तो या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलका वाटतो. हचिसन आणि शाह या दोघांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या मुलांची पाहणी केली. अपेक्षा अशी की उपाशी-अर्धपोटी मुलांत मुडदूस जास्त. निघालं उलटं. रानात आईबरोबर उघडी फिरणारी, भाकरीवर वाढलेली गरिबांची पोरं सरळ पायांची होती. मुडदूस सापडला तो खात्यापित्या, पडदा पाळणाऱ्या घरांत, मुसलमानांत आणि वरच्या जातींच्या हिंदूंतही. बाळ आणि बाळंतीण कित्येक महिने अर्ध्या अंधाऱ्या खोलीत.

ही खोली आपल्या माहितीतली आहे. शेगडी, धुरी, दाराला पडदा, वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत कापडाचे बोळे. बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरायची रीत होती, तीही प्रेमाची, पण कोवळ्या उन्हात नेमके ते किरण नसल्यातच जमा असतात. सूर्य खाली असला की ते वातावरणातच अडतात. माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड झाली की समजावं, किरण आता पोचताहेत. ठाणं साधारण १९.२ अंश उत्तरेला असल्यामुळे आपल्याला एक मोठीच सवलत आहे: डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशीसुद्धा मध्यान्हीचा सूर्य ४७ अंशांच्या वर असतो. लंडनच्या माणसाला हिवाळ्यातले कित्येक महिने काही मिळत नाही, आपल्याला बारा महिने मिळू शकतं, श्रावणातले ढग सोडले तर. आणि ते मिळतं दुपारी, म्हणजे वाळवणाच्या वेळेला. खाडीकाठी सुकट घालणाऱ्या कोळणी आणि मिठागरांत राबणारे आगरी ही या बाबतीत ठाण्यातली श्रीमंत माणसं होती. त्यांच्या ताटात बांगडा आणि तारली असायची ती वेगळीच. ज्या थोड्या अन्नांत हे जीवनसत्त्व मुळात असतं, त्यांतले हे तेलकट मासे.

आता तिसरा धागा, समग्र आरोग्याचा, ज्याला आज ‘होलिस्टिक’ म्हणतात. चरकसंहितेत अग्नीशिवाय घाम आणण्याचे दहा प्रकार सांगितले आहेत, त्यात ‘आतप’ म्हणजे ऊन आहे. सगळ्यांची शरीरं रोग सोसायला सारखी समर्थ नसतात हेही तिथेच सांगितलंय, आणि त्या सामर्थ्याला शब्द आहे व्याधिक्षमत्व. आज इम्युनिटीचं भाषांतर म्हणून तो सर्रास वापरतात. तो जशाच्या तसा पांढऱ्या पेशींवर चिकटवणं मला पटत नाही. चरकाचा विषय आहार, बल, देहाची ठेवण असा पसरलेला आहे. दिनचर्येतून शरीर घडतं, ही त्याची दृष्टी मात्र कामाची आहे.

विसाव्या शतकात ही दृष्टी आपल्याकडे निसर्गोपचाराच्या वाटेने परत आली. गांधीजींनी जर्मन निसर्गोपचारकांची पुस्तकं वाचली, आगाखान पॅलेसच्या कैदेत असताना आरोग्यावर लिहिलं आणि त्यात माती, पाणी, आकाश, हवा यांच्या बरोबरीने सूर्यस्नानालाही जागा दिली. १९४६ मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम निघाला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेला. तो व्यायाम म्हणून उत्तम आहे, पण पहाटे दिवाणखान्यात घातलेल्या नमस्कारांनी ड वाढेल ही आशा ठेवू नये. गंमत म्हणजे ‘होलिस्टिक’ या शब्दाचं मूळ ज्या ‘होलिझम’मध्ये आहे, तो शब्द १९२६ मध्ये रूढ केला जनरल स्मट्स यांनी. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना तुरुंगात टाकणारे तेच स्मट्स. त्यांना वैद्यकाशी काही देणंघेणं नव्हतं. आरोग्याच्या क्षेत्रात हा शब्द जोरात आला तो १९७० च्या दशकात, अमेरिकेतून.

मग प्रतिकारशक्ती कुठे आली? १९८३ मध्ये शास्त्रज्ञांना दिसलं की ड जीवनसत्त्वाला ओळखणारी कुलपं रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतही आहेत. हाडांशी संबंध नसलेल्या या पेशींना त्याचं काय काम? २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेतून उत्तर आलं. क्षयाचा जंतू दिसला की या पेशी ड जीवनसत्त्व वापरून कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक द्रव्य बनवतात, आणि रक्तात ड कमी असेल तर ते नीट बनत नाही. सॅनिटोरियमच्या व्हरांड्यातल्या खाटा एकदम शहाण्या ठरल्या.

पण परीक्षानळीतलं खरं माणसात जसंच्या तसं उतरेलच असं नाही, आणि हा भाग जाहिरातींत गाळला जातो. मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला ड किंवा दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली, २०२० मध्ये निकाल आला: क्षयाच्या संसर्गात फरक नाही. सर्दी-खोकल्याबाबत २०१७ मध्ये २५ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा थोडा फायदा दिसला, तोही मुख्यत्वे ज्यांचं ड फारच खाली होतं त्यांना आणि रोज किंवा दर आठवड्याला लहान डोस घेतलेल्यांना. एकदम मोठा डोस देऊन काही साधलं नव्हतं. पुढे आणखी चाचण्या मिळवल्या तसतसा तो फायदा विरत गेला.

तेवढ्यात करोना आला. टाळेबंदीत ठाण्यातल्या प्रत्येक इमारतीच्या ग्रुपवर काढ्याची कृती, आर्सेनिकम अल्बम या होमिओपॅथीच्या गोळ्यांचं वाटप आणि ‘साठ हजारवाली’, म्हणजे साठ हजार युनिटांची ड जीवनसत्त्वाची गोळी, हे एकत्रच फिरत होतं. सगळी माणसं घरात कोंडलेली आणि उन्हाचं जीवनसत्त्व गोळीतून, हा विरोधाभास तेव्हा कुणाला बोचला नाही, मलाही नाही. ब्राझीलमध्ये करोनाच्या रुग्णांना दोन लाख युनिटांचा एकच डोस देऊन पाहिला, त्याने रुग्णालयातला मुक्काम कमी झाला नाही. साठ हजारची गोळी ठरावीक आठवडे घ्यायची असते. ती वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने घेणारी माणसं मला माहीत आहेत, आणि हे पाण्यात विरघळून निघून जाणारं जीवनसत्त्व नव्हे. अतिरेक झाला तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडांवर येतं. रोजची गरज राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ६०० युनिट सांगितली आहे. त्या शेजारी साठ हजार ठेवून पाहा. अमेरिकेतल्या अंतःस्रावी तज्ज्ञांच्या संघटनेने तर २०२४ मध्ये सांगितलं की धडधाकट प्रौढांची ही तपासणी सरसकट करूच नये. आपल्याकडे ती फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजात फुकट असल्यासारखी येते.

कमतरता खोटी आहे असं मात्र नाही. दिल्लीत २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिवसभर रुग्णालयात काम करणारे डॉक्टर आणि नर्स यांचंच ड तळाला होतं, सैनिकांचं बरं होतं. २००२ मध्ये दिल्लीतच दिसलं की धुरकट वस्तीतल्या तान्ह्यांचं ड मोकळ्या हवेतल्या तान्ह्यांपेक्षा कमी. हचिसन-शाह यांची अंधारी खोली आता अख्ख्या शहराएवढी झाली आहे.

नवी मुंबई आखताना हे ध्यानात नव्हतं असं नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, चार्ल्स कोरिया तिचे पहिले प्रमुख वास्तुरचनाकार. उघड्या आकाशाखालची जागा हीसुद्धा घरातली एक खोली आहे, असं ते मानत. बेलापूरच्या डोंगरपायथ्याशी १९८० च्या दशकात त्यांनी आर्टिस्ट्स व्हिलेज उभारलं: सात-सात घरांचं एक अंगण, प्रत्येकाला आपलं थोडं आकाश, कुणाची भिंत कुणाला चिकटलेली नाही. आज तिथे जाऊन पाहिलं तर बरीच घरं वाढून अंगणांवर आली आहेत. बाकी नवी मुंबई सीवूड्स-खारघरच्या मनोऱ्यांनी भरली आणि ठाणं घोडबंदर रोडच्या. ऐरोली-महाप्याच्या कंपन्यांत जाणारी मुलं आठच्या बसमध्ये शिरतात आणि दिवे लागल्यावर उतरतात. काचेतून ऊन आत येतं, उकडतंही, पण ते नेमके किरण काच अडवते. पाम बीच रोडवर फेरी मारणारे सातच्या आत घरी परततात. ऊन लागू नये म्हणून.

डॉक्टरांनी मला आठ आठवड्यांच्या गोळ्या लिहून दिल्या, वर सांगितलं, दुपारी पंधरा-वीस मिनिटं बाह्या वर करून बसा, आपल्या सावळ्या कातडीला थोडा जास्त वेळ लागतो. घरात तशी जागा नाही, म्हणून गच्ची. गच्चीला कुलूप, चावी खाली सिक्युरिटीकडे. त्याने रजिस्टर पुढे केलं: नाव, फ्लॅट नंबर, वेळ, कारण. मी कारणाच्या रकान्यात सहज ‘वाळवण’ लिहिलं.

त्याने ते वाचलं आणि मान हलवली. “काका, वाळवणाला परवानगी नाही. ‘टाकी पाहणी’ लिहा.”