स्वयंसेवी संस्थेत प्रसिद्धी आणि संवादाचं काम : वरच्या पदासाठी काय शिकावं

आमच्या प्रशिक्षणाला नाव नोंदवण्यापूर्वी हे पत्रक वाचून घ्या. यातलं बरंचसं तुम्हाला आमच्याशिवायही सुरू करता येईल.

संस्थेत प्रसिद्धी सांभाळणाऱ्याच्या वाट्याला सगळंच येतं: वार्षिक अहवाल, पोस्टर, समाजमाध्यमं, देणगीचं आवाहन. काही वर्षांनी केलेल्या कामांची यादी लांबलचक होते, पण कोणत्या कामामुळे काय घडलं हे सांगता येत नाही. वरच्या पदाच्या मुलाखतीत नेमकं तेच विचारलं जातं. म्हणून नवं सॉफ्टवेअर शिकण्याआधी मोजायला शिका, असा आमचा आग्रह असतो.

सुरुवात ईमेलपासून

किती जणांनी मेल उघडला, या आकड्यावर विसंबू नका. मेलमधलं एक न दिसणारं चित्र उतरलं की मेल उघडला असं धरलं जातं. पण सप्टेंबर 2021 पासून ॲपलचं मेल ॲप मेलमधली चित्रं आधीच उतरवून घेऊ शकतं, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडल्यासारखा मोजला जातो. दुव्यावर किती जणांनी क्लिक केलं आणि त्यातून किती देणग्या आल्या, ते पाहा. त्यासाठी प्रत्येक दुव्याच्या शेवटी यूटीएमच्या, म्हणजे वाचक कुठून आला हे सांगणाऱ्या, तीन खुणा जोडा: सोर्स (कुठून), मीडियम (कोणत्या माध्यमातून) आणि कॅम्पेन (कोणत्या मोहिमेतून). इथे घोळ होतो तो स्पेलिंगचा. एका दुव्यात पहिलं अक्षर कॅपिटल आणि दुसऱ्यात स्मॉल पडलं, की गूगल ॲनालिटिक्स (संकेतस्थळावरच्या भेटी मोजणारं साधन) त्यांच्या दोन वेगळ्या ओळी दाखवतं आणि बेरीज चुकते. सगळं स्मॉल अक्षरांत ठेवा आणि ठरलेले शब्द एका शीटमध्ये लिहून ती सहकाऱ्यांनाही द्या.

दोन मजकुरांची तुलना करताना एकच गोष्ट बदला, आणि यादी छोटी असेल तर निष्कर्षाची घाई करू नका. 600 पत्ते निम्मे-निम्मे वाटले, एकीकडे 6 क्लिक आले आणि दुसरीकडे 9, तर तो फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. तोच प्रयोग चार-पाच मेलमध्ये करून बेरीज पाहा.

मेल स्पॅममध्ये जात असतील तर मजकुराला दोष देण्याआधी डोमेन (संस्थेचा इंटरनेटवरचा पत्ता) सांभाळणाऱ्याला विचारा: एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क, म्हणजे मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या तीन सोयी, लावल्यात का? जीमेलच्या पत्त्यांवर रोज 5,000 हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी 2024 पासून या तिन्ही बंधनकारक आहेत. स्पॅमच्या तक्रारीही 0.3 टक्क्यांच्या खाली राहाव्या लागतात, म्हणजे हजारी तीनसुद्धा नकोत. जुन्या कार्यक्रमाच्या हजेरीपटावरचे पत्ते न विचारता यादीत घातले की तक्रारी वाढतात.

देणगीदार टिकले का?

गेल्या वर्षी 400 जणांनी देणगी दिली आणि त्यांच्यापैकी 168 जणांनी यंदाही दिली, तर टिकण्याचं प्रमाण 42 टक्के. यंदाचे नवे देणगीदार यात धरायचे नाहीत. ते मिसळल्यामुळेच अनेक अहवालांत हा आकडा फुगतो. हा हिशेब स्वतः मांडता येणारा माणूस विश्वस्तांच्या बैठकीत वेगळ्या नजरेने ऐकला जातो.

फोटो आणि संमती

या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही. संमतीपत्रात चार गोष्टी हव्यात: फोटो कुठे वापरणार, किती काळ, संमती मागे घ्यायची तर कुणाला सांगायचं, आणि नकार दिला तरी मदत थांबणार नाही. चौथी गोष्ट तोंडी, त्या माणसाच्या भाषेत सांगा. मदत देणाऱ्याला नाही म्हणणं त्याला फार जड जातं. मुलांच्या बाबतीत नाव, गाव आणि शाळा एकत्र छापू नका. मूळ फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाची नोंद असू शकते, ती काढूनच फोटो बाहेर पाठवा.

कामाचा संग्रह

तीन कामं पुरेत, प्रत्येकाला एक पान. अडचण काय होती, तुम्ही काय ठरवलं, आकडे कसे बदलले आणि काय जमलं नाही, हे लिहा. काम अनेकांनी मिळून केलं असेल तर आपला वाटा नेमका सांगा. लाभार्थ्यांचे फोटो मात्र त्यात घालू नका. संमती संस्थेला दिलेली असते, तुम्हाला नाही.

पहिल्या सत्राला येताना गेल्या सहा महिन्यांत पाठवलेले मेल आणि दोन वर्षांच्या देणग्यांची शीट आणा. शीटमधली नावं, फोन आणि पत्ते आधी काढून टाका. प्रत्येक देणगीदाराला एक क्रमांक दिला आणि तो दोन्ही वर्षी तोच ठेवला की पुरे.