फायबरची गाडी पिळते कुठे?

फायबरग्लासच्या जुन्या गाडीच्या बॉनेटवर अंगठा दाबून पाहा. पातळ पत्र्यासारखा खळगा पडत नाही. त्यावरून ‘बॉडी एकदम कडक आहे’ असं ठरवणारे गाडीशौकीन पुष्कळ आहेत. मात्र पॅनल कडक असलं म्हणून गाडी कडक ठरत नाही.

पोलादाचा यंग गुणांक (ताण दिला की पदार्थ किती कमी ताणतो, याचं माप) साधारण २०० गिगापास्कल, तर काचतंतूंची चटई अंथरून रेझिन फासलेल्या फायबरग्लासचा जेमतेम ८. म्हणजे फायबर पंचवीस पट लवचीक. पण ते वजनाला पोलादाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं, त्यामुळे तेवढ्याच वजनात पाचपट जाड थर देता येतो. पॅनलचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. पाचाचा घन १२५, त्याला पंचविसाने भागलं की उरले पाच. अंगठ्याखाली फायबर खरंच पाचपट ताठ!

रस्त्यावर मात्र मामला पिळाचा असतो. पुढचं एकच चाक उंचवट्यावर चढलं की गाडीचं पुढचं टोक एकीकडे आणि मागचं दुसरीकडे फिरू पाहतं. गाडीचा सांगाडा ही एक पेटीच समजा. बंद पेटीचा पिळाला होणारा विरोध भिंतीच्या जाडीच्या सरळ प्रमाणात असतो, घनाच्या नाही. तिथे पाचपट जाडीचा फायदा पाचपटच, आणि त्याला भागायचं पंचविसाने. हिशेब उलटा झाला, फायबर पाचपट कमी ताठ निघालं. आता भिस्त आकारावर, कारण पेटीने वेढलेल्या क्षेत्रफळाचा वर्ग या सूत्रात येतो.

आणि पेटी बंदच हवी. कॅलेंडर गुंडाळून येतं ती पुठ्ठ्याची नळी पिळून पाहा, मग तिला लांबीभर एक चीर देऊन पुन्हा पिळा. ५० मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची नळी चिरली, तर तिचा पिळाला होणारा विरोध १,८०० पटींहून अधिक घटतो. छप्पर काढलेली गाडी इतकी वाईट नसते, पण दुखणं तेच.

१९५७ साली लंडनच्या प्रदर्शनात लोटस या ब्रिटिश कंपनीने मांडलेली ‘एलिट’ छपराच्या जोरावर उभी होती. तिला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा भार पेलणारा सांगाडा, नव्हती. फायबरग्लासचे तीन मोठे भाग एकमेकांना चिकटवून अख्खी गाडीच पेटी केली होती. पोलाद होतं ते पुढच्या सबफ्रेमपुरतं (इंजिन आणि पुढची चाकं धरणारी छोटी चौकट) आणि काचेभोवतीच्या कमानीपुरतं. कल्पना धाडसी होती, पण फायबरला एकाच ठिकाणी एकवटलेला भार सोसत नाही. मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल जिथे बसवला होता, तिथे तडे जात.

पुढची ‘एलान’ उघडी गाडी. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमनला तीही अखंड फायबरचीच हवी होती, पण छपराशिवाय जमेना. तोवर सस्पेन्शनच्या (चाकांचे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेच्या) चाचण्या तरी व्हाव्यात म्हणून लोटसच्याच रॉन हिकमनने पत्रा वाकवून, जोडून एक तात्पुरता सांगाडा केला: मधोमध खोल, बंद, चौकोनी कणा आणि दोन्ही टोकांना फाटे. या जुगाडाने एवढं चोख काम केलं, की १९६२ साली गाडी त्याच्यावरच बाजारात आली. कण्याचं वजन सुमारे ३४ किलो. पेटी अरुंद असली तरी पोलादाची, आणि दाराच्या भोकांनी कुठेही न तुटलेली. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्ट तिच्याच पोटातून जातो. फायबरची बॉडी वर बोल्टने बसते, थोडा हातभार लावते. माझ्या मते एलानच्या नावाजलेल्या हाताळणीचं अर्धं श्रेय या कण्याचं: चासी पिळत नसेल, तरच मऊ स्प्रिंगा नीट काम करतात.

आपल्याकडे बंगळूरच्या सिपानीची ‘डॉल्फिन’ याच घराण्यातली. ब्रिटनच्या रिलायंट किटनवर बेतलेली, फायबरची बॉडी पोलादी चासीवर.

जुनी एलान घेताना म्हणूनच बॉडीच्या चकाकीपेक्षा चासी बघावी. फायबर गंजत नाही, कणा गंजतो. पुढच्या सस्पेन्शनच्या बुरुजांमधली पाणी निथळायची भोकं कचऱ्याने बुजली की आत पाणी साठतं. पुढची आडवी पेटी तर हेडलाइट वर उचलणाऱ्या व्हॅक्यूमची टाकीही आहे. सुरुवातीच्या मॉडेलात वर उचललेले लाइट आपोआप खाली बसायला लागले, तर आधी रबरी नळ्या तपासाव्यात, आणि त्या धड असतील तर गाडीखाली शिरून त्या पेटीला गंजाने भोक पाडलंय का ते बघावं.