बारकोड की आरएफआयडी: गोडाऊनसाठी काय निवडायचं?

माल मोजण्याची पद्धत बदलायची ठरली की बैठकीत 'बारकोड' आणि 'आरएफआयडी' (रेडिओ लहरींनी वाचला जाणारा टॅग) हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. दोन्हींत मालावर स्टिकर लागतं आणि दोन्हींत आकडा आपोआप संगणकात जातो. त्यामुळे आरएफआयडी म्हणजे बारकोडचीच पुढची, महागडी आवृत्ती असा समज होतो आणि त्या समजावर लाखोंची खरेदी होते. या दोघांचं काम मुळातच वेगळं आहे.

बारकोड म्हणजे छापलेला नंबर. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय इथल्या सुपरमार्केटमध्ये रिग्लीच्या च्युइंगगमचं पाकीट पहिल्यांदा स्कॅन झालं. तत्त्व आजही तेच आहे: रेघा स्कॅनरला दिसल्या पाहिजेत. खोक्याची लेबलची बाजू भिंतीकडे गेली, लेबल चुरगळलं किंवा वरच्या प्लास्टिकवर उजेड चमकला की माणसाला खोकं फिरवावं लागतं. प्रत्येक खोक्याला एक 'बीप'.

आरएफआयडीच्या टॅगमध्ये बारीक चिप आणि अँटेना असते. गोडाऊनमध्ये वापरतात त्या टॅगला बहुधा बॅटरी नसते. रीडरच्या, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या, रेडिओ लहरींमधूनच त्याला ऊर्जा मिळते आणि तो आपला नंबर परत पाठवतो. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग हा आरएफआयडीच आहे. टोलवर कुणी उतरून तो शोधत नाही. अशाच प्रकारे दारातून जाणाऱ्या पॅलेटवरची (खोकी रचून उचलायच्या फळीवरची) खोकी न उघडता, एकाच वेळी वाचता येतात.

दुसरा फरक बैठकीत सहसा निघतच नाही. बिस्किटाच्या एकाच प्रकारच्या दोन पुड्यांवर बारकोड एकच असतो, म्हणून दुकानदार एक पुडा स्कॅन करून नग दहा टाकू शकतो. आरएफआयडी टॅगला मात्र प्रत्येक नगाचा स्वतंत्र क्रमांक देतात. 'हा माल कोणता' एवढंच विचारायचं असेल तर पहिला पुरतो. 'हाच नग कुठे गेला' हे हजारो नगांबद्दल रोज विचारायचं असेल तर दुसऱ्याचा विचार करावा. अर्थात बारकोडमध्येही लॉटचा किंवा खोक्याचा वेगळा क्रमांक छापता येतो. नाशिकची द्राक्षं युरोपला जातात तेव्हा अपेडाच्या (केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या) ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणीत माल थेट नोंदणी केलेल्या बागेपर्यंत मागे शोधता येतो, आणि त्यासाठी छापील लेबल पुरतं.

आता खर्चाचं. बारकोड पाकिटावर छापला की वेगळा खर्च जवळजवळ नाहीच. टॅगचे मात्र प्रत्येक नगामागे काही रुपये जातात. ते कोण भरणार आणि फायदा कुणाच्या पदरात पडणार, हा माझ्या मते सगळ्यात निर्णायक प्रश्न आहे. २००३ मध्ये वॉलमार्ट या अमेरिकेतल्या दुकानसाखळीने आपल्या १०० बड्या पुरवठादारांना सांगितलं की जानेवारी २००५ पासून खोक्यांवर आणि पॅलेटवर टॅग हवेत. खर्च पुरवठादारांचा, मोजणीतला फायदा मुख्यतः वॉलमार्टचा. अनेकांनी माल निघताना शेवटच्या क्षणी टॅग चिकटवले. स्वतःच्या कारखान्यात त्यांचा काहीच उपयोग केला नाही. ती योजना अपेक्षेप्रमाणे चालली नाही. २०१० मध्ये वॉलमार्ट पुन्हा आरएफआयडीकडे वळली ती जीन्स आणि आतल्या कपड्यांपासून.

कपडेच का, हे समजून घेण्यासारखं आहे. एकाच शर्टाचे पाच साइज आणि सहा रंग म्हणजे तीस प्रकार. त्यातला नेमका एक संपला की गिऱ्हाईक परत जातं. शिवाय कापडात धातू नाही, पाणी नाही. झारा या कपड्यांच्या ब्रँडने चिप चोरी रोखणाऱ्या प्लास्टिकच्या टॅगमध्येच बसवली, विक्रीनंतर ती काढून पुन्हा वापरता यायची. खेळाचं सामान विकणाऱ्या डेकॅथलॉनमध्ये वस्तू ट्रेमध्ये ठेवल्या की बिल तयार होतं. तिथे बहुतेक माल स्वतःच्या ब्रँडचा आणि दुकानंही स्वतःची, त्यामुळे टॅगचा खर्च आणि फायदा एकाच खिशात.

तेलाचे पत्र्याचे डबे, पाण्याच्या बाटल्या, सिरप असा माल असेल तर जपून. धातू या लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेतं. पॅलेटच्या मधली खोकी अनेकदा वाचली जात नाहीत. उलटही होतं: शेजारच्या डॉकवर (गाडी भरायच्या जागेवर) उभं असलेलं पॅलेट याच दारातून गेल्याची नोंद होते. विक्रेत्याच्या रिकाम्या डेमो रूममध्ये यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून चाचणी आपल्याच दारात घ्या, आपल्याच मालाचं पूर्ण भरलेलं पॅलेट घेऊन, शेजारच्या दारात दुसरी गाडी भरत असताना. प्रत्यक्ष किती खोकी होती आणि किती वाचली गेली, हे हाताने मोजून लिहा. त्याआधी आणखी एक गोष्ट तपासा: सध्याचा बारकोड प्रत्येक वेळी खरंच स्कॅन होतो का? घाईत गाडी भरताना एक खोकं स्कॅन करून बाकीचे आकडे हाताने टाकले जात असतील, तर स्टॉकमधली तफावत तिथूनच येत असते आणि ती मिटवायला टॅग लागत नाही. त्यातूनही आरएफआयडी घेतलीच, तर टॅगवर बारकोडही छापून घ्या. एखादा टॅग वाचला गेला नाही तर हातातल्या स्कॅनरने काम पुढे जातं.