मुंबईतील प्लेग संशोधन

मुंबईतील प्लेग संशोधन : १८९६ साली मुंबईत फुटलेल्या गाठीच्या प्लेगचे (यात जांघेत किंवा काखेत गाठी येतात) कारण, तो पसरण्याची वाट आणि त्याला आळा घालण्याचे उपाय शोधण्यासाठी मुख्यतः परळच्या प्रयोगशाळेत झालेले काम. साथ सुरू झाली तेव्हा रोगाचा जंतू माहीत होता. आलेक्झांद्र येर्सँ यांनी १८९४ मध्येच हाँगकाँगला तो शोधून काढला होता. तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे मात्र कोणाला सांगता येत नव्हते. या अज्ञानाची जबर किंमत लोकांनी मोजली. हिंदुस्थानात पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत एक कोटीहून अधिक माणसे प्लेगने दगावली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातल्या रुग्णांना तपासून हा प्लेग आहे, असे निदान प्रथम केले ते डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्याचे. गोदी, धान्याची कोठारे आणि दाटीवाटीच्या चाळी असलेल्या मांडवीत उंदरांना कशाचीच वाण नव्हती. त्या काळी रोगाचे मूळ घाणीत, दूषित हवेत आणि रोग्याच्या अंगाकपड्यांत असते, असा सरकारी डॉक्टरांचा समज होता आणि सगळे उपाय त्यावर बेतलेले होते. गटारे कार्बोलिक हे जंतुनाशक आणि समुद्राचे पाणी यांनी धुतली गेली, खोल्यांच्या जमिनी खणल्या गेल्या, कौले उतरवली गेली, सामान जाळले गेले. माणसे घरातून उचलून इस्पितळात किंवा सेग्रिगेशन कॅम्पात, म्हणजे लोकांना वेगळे ठेवण्याच्या छावणीत, नेली जाऊ लागली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि या सक्तीला कायद्याचे बळ मिळाले. पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्या देखरेखीखाली गोऱ्या सोजिरांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यामागे हा संताप होता. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना रोग जडून सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. झडत्यांनी साथ काही थांबली नाही. भीतीने लोक रोगी लपवू लागले आणि गावोगाव पांगले.

वॉल्डेमार हाफकिन हे ओडेसाला जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले जंतुशास्त्रज्ञ. कॉलऱ्याच्या लशीसाठी ते आधीच हिंदुस्थानात आले होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये त्यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा जागेत काम सुरू केले. बोकडाच्या मांसापासून केलेल्या रश्श्यात ते जंतू वाढवत, म्हणजे हिंदू किंवा मुसलमान कोणाचीच धर्माची अडचण राहत नसे. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांना धरून जंतूंच्या जटा खाली लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारून लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, हात दुखला, पण काही दिवसांत ते सावरले. त्यानंतर महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. इस्माइली खोजांचे धर्मगुरू आगाखान तिसरे यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेग रिसर्च लॅबोरेटरी उघडली. तीच आजची हाफकिन संस्था. हे नाव तिला १९२५ मध्ये मिळाले.

लशीची सर्वांत नेटकी कसोटी बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावी १८९८ मध्ये झाली. गावात प्लेग चालू असतानाच प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना लस टोचली आणि निम्म्यांना टोचली नाही. एकाच छपराखाली राहणारी, एकाच चुलीवरचे जेवणारी माणसे असल्याने तुलना खरीखुरी होती. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला, त्यांतल्या लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले, तर न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६. म्हणजे लस पूर्ण कवच देत नसली तरी मरण पुष्कळ टाळत होती. तरीही तिच्यावरचा विश्वास फार काळ निष्कंटक राहिला नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले आणि हाफकिन यांना दूर करण्यात आले. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, हे पुढे मान्य होऊन १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. एका निष्ठावान संशोधकाची यात जी वर्षे गेली ती भरून येणारी नव्हती.

लस आली तरी प्रसाराचे कोडे तसेच होते. उंदीर मरून पडू लागले की घर सोडून रानात झोपड्या बांधून राहावे, हे खेड्यापाड्यांतल्या लोकांना अनुभवाने कळले होते. मेलेला उंदीर आणि आजारी माणूस यांच्यामधला दुवा कोणता, याचे उत्तर फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दिले : पिसू. पण त्यांचा प्रयोग अगदी लहान होता आणि बड्या तज्ज्ञांनी तो उडवून लावला. परळच्या प्रयोगशाळेतले ग्लेन लिस्टन यांनी मात्र हा धागा सोडला नाही. मुंबईतल्या एका चाळीत उंदीर पटापट मेले, मग पिसवांचा इतका सुळसुळाट झाला की लोक खोल्या सोडून व्हरांड्यात निजू लागले, आणि थोड्याच दिवसांत माणसांना गाठी आल्या. त्या माणसांच्या अंगावरच्या पिसवा लिस्टन यांनी तपासल्या, तर त्यांत उंदरांच्या पिसवा निघाल्या. ज्याच्या अंगावर ती जगते तो उंदीर मेला की भुकेली पिसू मिळेल त्या अंगावर जाते. १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी हे मांडले.

त्याच वर्षी नेमलेल्या प्लेग कमिशनने परळला केलेले प्रयोग आजही सविस्तर वाचण्याजोगे आहेत. आवारात लहान खोपट्या बांधल्या. काहींवर नळीची कौले, काहींवर मंगलोरी कौले, काहींवर पत्रा घातला. छपराखाली तारेची जाळी ठोकली, म्हणजे उंदीर वर राहतील, खाली उतरणार नाहीत. पिसवा मात्र जाळीतून पडू शकतील. उंदरांनी कौलांत बिऱ्हाड केले, तिथे प्लेगने उंदीर मेले की खाली मोकळ्या सोडलेल्या गिनी पिगना प्लेग होई. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या प्राण्यांना रोग झाला, दोन फुटांवरच्यांना झाला नाही, कारण तितकी उडी पिसूला जमत नाही. पिसवा नसतील तर निरोगी प्राणी प्लेगच्या प्राण्यांसोबत, त्यांच्याच मलमूत्रात राहूनही धडधाकट राहिले. आणखी एका प्रयोगात शेणाने सारवलेल्या आणि चुन्याच्या जमिनींवर मुद्दाम जंतू ओतले. शेणाच्या जमिनीवर ४८ तासांनंतर आणि चुन्याच्या जमिनीवर २४ तासांनंतर रोग लागण्याइतके जंतू उरले नव्हते. मुंबई-पुण्यात ज्या जमिनी खणून लोकांची घरे उद्ध्वस्त केली, त्यांतून रोग येतच नव्हता, याचा हा स्पष्ट पुरावा होता. कमिशनचा निष्कर्ष निःसंदिग्ध होता : माणसातला गाठीचा प्लेग सर्वस्वी उंदरांतल्या प्लेगवर अवलंबून आहे. पिसूच्या जठराच्या तोंडाशी जंतूंची गुठळी बसते आणि चावताना रक्ताबरोबर जंतू उलटून जखमेत जातात, ही यंत्रणा बेको आणि मार्टिन यांनी १९१४ मध्ये लंडनला दाखवली.

यानंतर उपायांचा रोख बदलला. उंदीर धरणे व तपासणे, धान्याची कोठारे वस्तीपासून दूर नेणे, उंदीर पडताच गाव रिकामे करणे आणि लस टोचणे यांवर भर आला. फुफ्फुसाच्या प्लेगची गोष्ट वेगळी. तो खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाला होतो आणि तिथे रोगी वेगळा ठेवावाच लागतो. पुढे साहिबसिंग सोखी हे हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या काळात लस सुधारली आणि सल्फा औषधांनी प्लेगचे रुग्ण बरे होऊ शकतात, हे संस्थेतल्या कामातून दिसले. नंतर स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक आले आणि वेळेवर उपचार झाले तर हा रोग बरा होणारा ठरला.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीचे रुग्ण आढळले, आणि सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडाला. तिथून हजारो कामगार, त्यांत खानदेशातले पुष्कळ, आपापल्या गावी परतले. मामल्यात रुग्ण दिसण्याआधीच पिसवांचा त्रास वाढल्याची आणि उंदीर मरत असल्याची तक्रार लोकांनी केली होती. धोक्याची ही खूण परळच्या कमिशनने जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवली होती.