भेंडीचं बी धरताना

घरचं बी धरणारा शेतकरी वावरातलं सगळ्यात जोमदार झाड हेरतो, त्याच्या शेंगा झाडावरच वाळू देतो आणि पुढच्या हंगामात तेच बी पेरतो. पीक मात्र पुष्कळदा पूर्वीइतकंच येतं. ते झाड पाटाच्या तोंडाशी असेल, नाहीतर जुन्या उकिरड्याच्या जागी. खतापाण्याचा हा फायदा बियात उतरत नाही.

झाडाझाडांत दिसणाऱ्या फरकापैकी जनुकांमुळे पडलेला वाटा किती, हे आनुवंशिकतेचा आकडा सांगतो. तो काढण्यासाठी अनेक वाण एकाच शेतात लावतात, प्रत्येक वाणाचे वाफे तीन-चार ठिकाणी विखरून. एकाच शुद्ध वाणाच्या दोन वाफ्यांतला फरक जमीन-पाण्याचा. तो वजा केला की वाणावाणांतला जनुकीय फरक हाती येतो. समजा, झाडाला सरासरी 15 भेंड्या लागतात आणि बियाण्यासाठी निवडलेल्या झाडांची सरासरी 25 आहे. या 10 भेंड्यांच्या फरकापैकी आईबापांकडून थेट पिलावळीत उतरणारा वाटा 0.3 असेल, तर पुढची पिढी 18 वर जाईल, 0.8 असेल, तर 23 वर. हा आकडा त्या शेतापुरता, त्या वाणांपुरता असतो. तो भेंडीचा कायमचा गुण समजू नये.

आणि निवडायला मुळात विविधता हवी. हळद्या रोगाने, म्हणजे केवड्याने, हे फार कठोरपणे शिकवलं. पांढरी माशी याचा विषाणू पसरवते. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, फळंही पिवळट होऊन बाजारातून जातात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा सावनी’ हा वाण सुरुवातीला रोगाची लक्षणं दाखवत नसे, पुढे तोही बळी पडू लागला. लागवडीच्या भेंडीत भरवशाची प्रतिकारशक्ती मिळेना. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी पुसा सावनीचा संकर रानटी भाऊबंदाशी, ‘अ‍ॅबेलमॉस्कस मॅनिहॉट’शी केला. अशा संकराच्या पहिल्या पिढीत बी नीट धरत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा पुसा सावनीशी संकर करायचा, दर पिढीत रोग न आलेली झाडं राखायची आणि रानटीपणा मागे टाकायचा. त्यातून 1980च्या दशकात ‘परभणी क्रांती’ आला. मराठवाड्यातल्या विद्यापीठाचं हे काम देशभरच्या भेंडी उत्पादकांच्या उपयोगी पडलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पुढे या वाणाची प्रतिकारशक्तीही अनेक ठिकाणी ढासळली, कारण विषाणूही बदलतो. म्हणून रानभेंड्यांचं बी जपून ठेवणं हे चालू पिकाइतकंच निकडीचं काम आहे.

शुद्ध वाणाचं बी घरी धरायचं असेल, तर कडेची आणि पाटालगतची झाडं सोडा. वावराच्या मधल्या भागातली, शेजाऱ्यांसारखंच खतपाणी मिळूनही सरस ठरलेली, रोगमुक्त अशी बरीच झाडं निवडा. फूल सकाळी उमलतं आणि मधमाश्या शेजारच्या वाणाचे पराग आणतात. त्यामुळे आदल्या संध्याकाळीच कळीवर कागदी पिशवी बांधा. फूल कोमेजलं की ती काढा आणि देठाला दोरा बांधून ठेवा, म्हणजे तोड्याच्या वेळी ती शेंग चुकून खुडली जाणार नाही.