ट्रॅव्हलिंग आणि ड्रिबलचे नियम (बास्केटबॉल)

बास्केटबॉलमध्ये चेंडू हातात असताना परवानगी आहे त्यापेक्षा जास्त पाय टाकले किंवा टेकवलेला पाय जागचा हलवला की ट्रॅव्हलिंग होतं. म्हापसा, पणजी, फोंडा कुठल्याही शाळेच्या कोर्टावर जा, मुलांच्या तोंडी मात्र ‘स्टेप्स’ असतं. हा फाऊल नाही, व्हायोलेशन आहे, म्हणजे खेळाडूच्या पाच फाऊलांत तो धरत नाहीत, टीमच्या खात्यातही जात नाही, फक्त चेंडू समोरच्या टीमला मिळतो आणि जिथे चूक झाली तिथून जवळच्या लाइनबाहेरून ते थ्रो-इन करतात. रेफरी दोन्ही मुठी एकमेकींभोवती गोल फिरवून दाखवतो.

शिक्षा एवढी हलकी असूनही ज्याच्यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो असा हा नियम आहे, कारण बघणारे सगळे पाय मोजतात, आणि मोजायला सुरुवात कुठून करायची ते पायावर ठरतच नाही, हातावर ठरतं. चेंडू नेमका कुठल्या क्षणी ताब्यात आला हे कळलं की पुढचा हिशोब सरळ आहे.

नियम आला कुठून

जेम्स नेस्मिथ या कॅनडात जन्मलेल्या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे वायएमसीएच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये हा खेळ तयार केला. हिवाळ्यात हॉलच्या आत खेळता येईल असं काहीतरी हवं होतं. त्याचा विचार साधा होता: रग्बीसारख्या खेळात लोक एकमेकांना आडवं पाडतात कारण चेंडू घेऊन पळायला मुभा असते, पळणंच बंद केलं तर पाडायचं कारण उरत नाही. म्हणून त्याच्या मूळ १३ नियमांपैकी तिसराच नियम असा की चेंडू घेऊन पळायचं नाही, जिथे पकडला तिथूनच फेकायचा, आणि जोरात पळताना पकडला असेल तर थांबायला थोडी सवलत. ही ‘थोडी सवलत’ म्हणजे किती यावरच गेली सव्वाशेहून जास्त वर्षं वाद चाललाय असं म्हटलं तरी चालेल.

मूळ नियमांत ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेणं, नव्हतंच. अडकलेल्या खेळाडूने चेंडू खाली टाकायचा आणि आपणच पुन्हा घ्यायचा, म्हणजे स्वतःलाच पास द्यायचा, अशी पळवाट खेळाडूंनी शोधली आणि पुढे तीच खेळाचा कणा झाली. या पळवाटेचं श्रेय बहुतेक वेळा १८९०च्या दशकातल्या येल विद्यापीठाच्या टीमला देतात.

आधी हात, मग पाय

उभ्या उभ्या पास मिळाला तर काय? दोन्ही पाय जमिनीवर आहेत, तेव्हा कुठलाही एक उचलता येतो, आणि उचलल्या क्षणी दुसरा पाय पिव्हट होतो. पिव्हट म्हणजे कर्कटकाचं टोक, त्याच्याभोवती हवं तेवढं फिरा, दुसरा पाय दहा वेळा पुढेमागे टाका, कोणी काही बोलणार नाही. मात्र डिफेंडर एक मीटरच्या आत चिकटला असेल तर पाच सेकंदांत पास, शॉट किंवा ड्रिबल यातलं काहीतरी करावं लागतं. पिव्हट पायाची टाच उचलून चवड्यावर फिरलं तर चालतं. तो घसरत सरकला तर स्टेप्स.

याच परिस्थितीत सगळ्यात जास्त शिट्या वाजतात, लोकांना वाटतं तशा ले-अपला, म्हणजे पळत जाऊन बास्केटजवळून मारलेल्या शॉटला, नाही. जवळून बघा: मुलाने पास घेतला, शॉटचा नुसता आव आणला, डिफेंडर हवेत उडाला, आता याला मोकळी वाट दिसतेय आणि घाई झाली. उजव्या पायाने पुढे पाऊल टाकलं, डावा पिव्हट आहे, आणि चेंडू अजून दोन्ही हातांत छातीशी असतानाच डावा पाय सुटला, चेंडू त्यानंतर खाली आपटला. एवढ्याशा फरकाने स्टेप्स. नियम असा की ड्रिबल सुरू करताना पिव्हट पाय उचलायच्या आधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. पास किंवा शॉटसाठी मात्र वेगळं आहे, तिथे पिव्हट पायावरून उडी मारता येते, अट एवढीच की पाय परत जमिनीला लागायच्या आत चेंडू सोडायचा. म्हणजे तोच पाय, तीच हालचाल, पण पुढे काय करणार त्यावर चूक की बरोबर ते ठरतं. हे एकदा नीट समजावलं तर नव्या मुलांचे अर्धे स्टेप्स बंद होतात, पण बऱ्याच ठिकाणी ले-अपचे ‘एक-दोन’ शिकवतात आणि हे राहूनच जातं.

आता पळताना. फिबाने, म्हणजे खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, २०१७ मध्ये नियम बदलला आणि ‘झिरो स्टेप’ आणली. पळता पळता पास घेतला किंवा ड्रिबल संपवून चेंडू हातात घेतला तेव्हा जो पाय जमिनीवर असेल तो शून्य, त्यानंतर दोन पावलं मिळतात. उजव्या हाताने ले-अप घेणाऱ्याचं उदाहरण घ्या, डावा पाय टेकलेला असताना त्याने चेंडू उचलला, तो शून्य, मग उजवा एक, डावा दोन, आणि उडी. कडेला बसलेला माणूस डावा-उजवा-डावा असे तीन मोजतो आणि ‘स्टेप्स रे स्टेप्स, तुका दिसना?’ म्हणून रेफरीवर ओरडतो, पण ते कायदेशीर आहे. दोन्ही पाय हवेत असताना चेंडू पकडला तर शून्य मिळत नाही, जो पाय आधी टेकेल तोच एक. पावलाच्या लांबीला मर्यादा नाही, लांब ढांगा टाकणाऱ्याला त्याचा फायदा होतो तर होऊ दे.

ड्रिबल सुरू करायला मात्र पूर्ण दोन पावलं मिळत नाहीत. पळताना पास घेऊन ड्रिबल करायचं असेल तर दुसरं पाऊल पडायच्या आधी चेंडू सुटला पाहिजे. आणि एकच पाय लागोपाठ दोनदा टेकवायचा नाही, म्हणजे लंगडी घातल्यासारखी उडी मारून त्याच पायावर आलात की गेलं.

युरो स्टेप यातच बसते: एक पाऊल एका बाजूला, दुसरं एकदम उलट्या बाजूला, डिफेंडर गोंधळतो. लिथुआनियाचा शारुनास मार्चुलियोनिस १९८९ मध्ये एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, गेला तेव्हा ही चाल तिकडे दिसली आणि पुढे अर्जेंटिनाच्या मनू जिनोबिलीने ती घरोघरी पोचवली. स्टेप-बॅकही तसंच, शून्य पकडून मागे दोन. जंप स्टॉपमध्ये एका पायावर येऊन मग दोन्ही पाय एकदम टेकवले तर ते चालतं, पण त्यानंतर पिव्हट करता येत नाही, आणि पुष्कळ जण तिथेच फिरायला जातात.

मोबाईलवर एनबीएचे क्लिप बघून ‘ते तर चार पावलं टाकतात’ म्हणणारे खूप. एनबीएतही चेंडू गोळा केल्यानंतर दोनच पावलं आहेत, गोळा करण्याचा क्षण कुठला धरायचा हे तिथे थोडं सैल वाटतं एवढंच. उलट अमेरिकन हायस्कूलच्या नियमांत शून्याची सवलत नाही, त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून शिकलेला मुलगा उगाच घाबरून खेळतो. भारतात फिबाचेच नियम चालतात, तेव्हा तेच वाचावेत.

ड्रिबल, डबल आणि कॅरी

ड्रिबल चालू असताना चेंडू हाताला लागलेला नसेल तेव्हा पावलांना हिशोब नाही. एक उंच टप्पा टाकून त्याच्यामागे चार-पाच पावलं धावलात तरी ते स्टेप्स नव्हे. दोन्ही हात एकाच वेळी चेंडूला लागले किंवा चेंडू हातात विसावला की ड्रिबल संपलं. संपल्यावर परत सुरू केलं तर डबल ड्रिबल, आणि अगदी लहान मुलं दोन्ही हातांनी थापा मारत चेंडू नेतात तेव्हा दुसऱ्याच थापेला हे होतं. मधे चेंडूला डिफेंडरचा हात लागला, किंवा पास दिलेला किंवा हातून सुटलेला चेंडू दुसऱ्या कोणाला लागून आला, किंवा खराखुरा शॉट मारून आपणच परत घेतला, तर नवं ड्रिबल मिळतं. शेवटच्यावरून खूप भांडणं होतात: शॉट रिंगला, बोर्डाला कशालाच लागला नाही आणि मारणाऱ्यानेच पकडला, तर फिबात चालतं, रेफरीला तो खरा शॉट वाटला पाहिजे, एनबीएत मात्र ते व्हायोलेशन आहे. पास नीट न पकडल्यामुळे चेंडू सुटला आणि धावत जाऊन घेतला तर ते ड्रिबल धरत नाहीत, त्यानंतर आरामात ड्रिबल करा.

कॅरी म्हणजे ड्रिबल करताना तळवा चेंडूखाली नेऊन त्याला क्षणभर हातात बसवणं. टप्पा किती उंच जातो याच्याशी संबंध नाही, डोक्याएवढा गेला तरी हात वरून किंवा बाजूने असेल तर ठीक. एनबीएतल्या ॲलन आयव्हर्सनच्या क्रॉसओव्हरवर, म्हणजे चेंडू एका हातातून झटकन दुसऱ्या हातात नेण्याच्या चालीवर, १९९०च्या दशकात हाच प्रश्न विचारला जायचा की हे ड्रिबल की कॅरी, आणि खरं सांगायचं तर आज कॅरीची शिटी फार कमी रेफरी वाजवतात, वाजवली तर कोर्टावरचा प्रत्येक जण आश्चर्याने बघतो. माझ्या मते शाळेच्या वयात ती वाजवावी, नाहीतर सवय मोडत नाही.

गोव्यात

गोव्यात मैदानी वेड फुटबॉलचं, २०१२ पासून तो राज्याचा अधिकृत खेळही आहे, त्यामुळे बास्केटबॉलला येणाऱ्या मुलांमध्ये अर्धे आधी पायाने खेळलेले असतात. खाली घरंगळणाऱ्या चेंडूला पाय लावून थांबवायची त्यांची सवय लगेच दिसते. मुद्दाम पायाने मारणं किंवा अडवणं हे व्हायोलेशन, नकळत लागला तर काही नाही. मुठीने मारलेलंही चालत नाही. दुसऱ्या बाजूने बघितलं तर फुटबॉलवाल्यांचे पाय हलके असतात आणि पिव्हट ते पटकन शिकतात.

मोठ्या स्पर्धांपैकी २०१४ च्या लुसोफोनिया गेम्समध्ये (पोर्तुगीजशी नातं असलेल्या देशांची स्पर्धा) आणि २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत बास्केटबॉल होतं, दुसऱ्यात पाच-पाच आणि तीन-तीन दोन्ही प्रकार. तीन-तीनमध्ये अर्धं कोर्ट, एकच बास्केट, शॉटला १२ सेकंद, पण स्टेप्स आणि ड्रिबलचे नियम तेच. घाईमुळे पिव्हटच्या चुका तिथे जास्त दिसतात.

जून ते सप्टेंबर उघड्या सिमेंटच्या कोर्टावर शेवाळ धरतं, तेव्हा पडण्याचा नियम पाठ असलेला बरा. चेंडू हातात असताना घसरून पडलात आणि तसेच पुढे सरकत गेलात तर स्टेप्स नाही. खाली पडलेला चेंडू आडवं होऊन घेतलात तरी नाही. पण चेंडू धरून लोळलात किंवा उठून उभं राहायला गेलात की शिटी. पडल्या जागेवरून पास द्यायचा, शॉट मारायचा, नाहीतर आधी ड्रिबल सुरू करायचं आणि मग उठायचं.