ड्युअल-स्पोर्ट गाडी: आधी अंगाला बसवा, मग पार्ट घ्या

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एक्सपल्स, हिमालयन किंवा तशा प्रकारची, डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारी ड्युअल-स्पोर्ट गाडी घेऊन येणाऱ्या बहुतेकांकडे यादी तयार असते: क्रॅश गार्ड, फॉग लाइट, सायलेन्सर, उंच विंडशील्ड. हँडलचा कोन, शॉकअपचा सॅग (वजनाने तो किती दबतो) आणि टायरमधली हवा या यादीत नसतात, कारण त्यांना पैसे पडत नाहीत. गाडी चालवताना सर्वांत जास्त फरक मात्र याच तीन गोष्टींनी पडतो. म्हणून आमच्या गॅरेजमध्ये आम्ही काम याच क्रमाने करतो. यातलं बरंचसं तुम्हाला घरी, पार्किंगमध्येही जमेल. जमेल तिथे आमच्याकडे येऊ नका.

हँडल, लिव्हर, सीट

ही गाडी निम्मा वेळ उभं राहून चालवायची असते, त्यामुळे मापही उभं राहून घ्यावं लागतं. बूट घालून फूटपेगवर उभे राहा, गुडघे किंचित वाकवा, नजर समोर ठेवा. हात सहज हँडलवर जायला हवेत. कंबरेतून वाकावं लागत असेल तर हँडल खाली आहे. तरी लगेच रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) घेऊ नका. क्लॅम्पचे बोल्ट ढिले करून हँडल आधी पुढे फिरवून पाहा. बाजूने पाहिल्यावर हँडलचा वर चढणारा भाग फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) रेषेत दिसला की साधारण बरोबर. पोटाकडे ओढलेलं हँडल शोरूममध्ये बसल्यावर छान वाटतं आणि मुळशीच्या पुढे कच्च्या रस्त्यावर उभं राहिलं की गुडघ्याला लागतं.

क्लच-ब्रेकचे लिव्हर कंपनीतून येतात त्यापेक्षा थोडे खाली झुकवा. उभं राहून लिव्हरवर दोन बोटं ठेवली की मनगट सरळ राहिलं पाहिजे. लिव्हरचे क्लॅम्प जीव खाऊन आवळू नका. हाताने जोर दिल्यावर फिरतील एवढेच आवळा, म्हणजे गाडी पडली तर लिव्हर तुटण्याऐवजी फिरेल.

एवढं करूनही कमी पडलं तर २० ते ३० मिमीचे रायझर बसवता येतात. त्याहून उंच रायझरला केबल आणि ब्रेकचा पाइप पुरत नाही. बसवल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आरपीएम जराही चढला तर ॲक्सिलरेटर केबल ताणली जाते आहे. अशी गाडी घाटातल्या यू-वळणावर स्वतःहून रेस होते.

सीटचा त्रास बहुधा फोम मऊ असल्यामुळे होतो, कडक असल्यामुळे नाही. मऊ फोम तासाभरात बसतो आणि वजन खालच्या प्लास्टिकच्या तळावर जातं. वरून जेल पॅड टाकण्यापेक्षा आतला फोम बदला: खाली घट्ट रिबॉन्डेड (तुकडे दाबून बनवलेला) फोम, वर २० ते २५ मिमी नरम थर, आणि पुढे घसरवणारा उतार कमी करायचा. कव्हरची शिवण बसण्याच्या जागेवर घेऊ नका, पावसाळ्यात तिथूनच पाणी आत जातं आणि सीट आठवडाभर ओली राहते.

विंडशील्डची परीक्षा फुकट आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी ६० किमीला पेगवर उभे राहा. हेल्मेटवरचा फडफडाट थांबला तर काचेच्या वरच्या कडेवरून सुटणारी हवा नेमकी हेल्मेटवर आदळते आहे. अशा वेळी काच उंच करण्यापेक्षा ३० ते ४० मिमी कमी केलेली बरी. वारा छातीवर घ्या, डोकं स्वच्छ हवेत राहू द्या.

सॅग: टेप, चिकटपट्टी आणि दोन मदतनीस

तुमच्या वजनाने शॉकअप किती दबतो, त्याला सॅग म्हणतात. मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर, सीटखालच्या पॅनलवर चिकटपट्टीने खूण करा आणि ॲक्सलपासून खुणेपर्यंतचं अंतर तीनदा मोजा.

पहिलं माप मागचं चाक पूर्ण हवेत असताना, समजा ६०० मिमी. दुसरं गाडी स्वतःच्या वजनावर सरळ उभी असताना, समजा ५७८. तिसरं तुम्ही हेल्मेट, जॅकेट, बुटांसह बसून दोन्ही पाय पेगवर ठेवलेले असताना. एकाने पुढून गाडी धरावी, दुसऱ्याने मोजावं. हे माप समजा ५४५ आलं. पहिल्यातून तिसरं वजा केलं की रायडर सॅग ५५ मिमी, पहिल्यातून दुसरं वजा केलं की गाडीचा स्वतःचा सॅग २२ मिमी. प्रत्येक माप घेण्याआधी सीट दोन-तीनदा दाबून सोडा, नाहीतर सीलच्या घर्षणामुळे माप ५-७ मिमीने चुकतं.

रायडर सॅग एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाक वर-खाली जितकं हलू शकतं त्याच्या, ३० ते ३३ टक्के हवा. एक्सपल्स २०० ४व्हीचा मागचा ट्रॅव्हल १७० मिमी, म्हणजे ५१ ते ५६. हिमालयन ४५०चा २०० मिमी, म्हणजे ६० ते ६६. जास्त असेल तर प्रीलोडची (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी) रिंग आवळा, कमी असेल तर सैल करा.

इथे एक गैरसमज फार पक्का बसला आहे. प्रीलोड आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडीची मागची बाजू उचलली जाते. म्हणून दुसरं मापही घ्यायचं. रायडर सॅग बरोबर आणण्यासाठी रिंग इतकी आवळावी लागली, की गाडीचा स्वतःचा सॅग ५ मिमीच्या आत आला, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला नरम आहे. उलट रायडर सॅग बरोबर असून स्वतःचा सॅग ३०-३५ मिमी येत असेल तर स्प्रिंग तुम्हाला जड पडते. दोन्ही वेळा उत्तर एकच: स्प्रिंग बदलणे. जोडीदार आणि दोन्ही बाजूंना बॅगा घेऊन ताम्हिणीतून कोकणात उतरणार असाल, तर त्या वजनासह पुन्हा मोजा. मागची बाजू फार बसली की पुढचं चाक हलकं होतं, वळणावर गाडी बाहेर ओढते आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतो.

पुढच्या फोर्कमध्ये ऑइल किती जुनं आहे हे सहसा कोणी पाहत नाही. १५,००० ते २०,००० किमीला ते बदलावं, कच्च्यावर जास्त चालत असेल तर त्याआधीच. बदलताना फोर्कच्या दोन्ही पायांत पातळी मिमीमध्ये मोजून सारखी ठेवतो, नुसतं मिली मोजून ओतलं तर आत राहिलेल्या जुन्या ऑइलमुळे फरक पडतो. सील गळायला लागलं म्हणजे ते फाटलंच असं नाही. वाळलेला चिखल सीलच्या ओठात अडकतो. डस्ट सील खाली सरकवून पातळ प्लास्टिकची पट्टी आत फिरवली तर अनेकदा गळती थांबते. नळीवर खरवड असेल तर मात्र नवं सीलही टिकणार नाही.

पाय टेकत नाहीत म्हणून

एक्सपल्स ४व्हीची सीट ८२५ मिमीवर आहे, प्रो आवृत्तीची ८९१ मिमीवर. शॉकअपला मागच्या चाकाशी जोडणाऱ्या लिंकेजमध्ये लांब लिंक घालून मागची बाजू खाली आणता येते, पण त्याचे हप्ते फेडावे लागतात. फोर्क तेवढाच वर सरकवावा लागतो, नाहीतर हँडल सुस्त होतं. साइड स्टँड लांब पडतो आणि गाडी जवळजवळ सरळ उभी राहून वाऱ्याने पडते, म्हणून तो कापून वेल्ड करावा लागतो. शिवाय ज्या ग्राउंड क्लिअरन्ससाठी गाडी घेतली तोच कमी होतो. आधी सीटचा फोम कडेने अरुंद करून पाहा. उंची तेवढीच राहूनही पाय सरळ खाली जातात आणि २० मिमी तरी पदरात पडतात.

टायर आणि ट्यूब

डांबरी रस्त्यावर गाडीच्या स्टिकरवरचा आकडा पाळा. कच्च्या रस्त्यावर, ट्यूब असलेल्या टायरमध्ये, १८ ते २० पीएसआय ठीक. १५च्या खाली गेलात तर दगडावर रिम आपटते, ट्यूब मध्ये चिमटली जाते आणि सापाने चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चर काढणाऱ्याला दोन्ही दाखवा, तो बहुधा एकच लावतो. परत डांबरीवर आलात की हवा भरा. कमी हवेत महामार्गावर ताशी ८०ने जाणं म्हणजे टायर आतून भाजणं.

ट्यूबच्या व्हॉल्व्हवरचा छोटा नट रिमवर आवळू नका. तो वर, टोपीला टेकवून ठेवा. हवा कमी असताना टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह तिरका होतो. नट मोकळा असेल तर तिरकेपणा दिसतो आणि वेळेत सरळ करता येतो. आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो, आणि त्याचं पंक्चर निघत नाही.

लांब जाताना एकच ट्यूब न्यायची असेल तर पुढच्या चाकाची २१ इंची न्या. अडचणीच्या वेळी ती मागच्या १७ किंवा १८ इंची चाकातही बसवून गावापर्यंत येता येतं. उलटं जमत नाही. घरी आल्यावर ती काढून योग्य मापाची घाला.

स्पोक महिन्यातून एकदा पान्ह्याने हलकेच वाजवा. ताणलेला स्पोक खणखणतो, ढिला बद्द वाजतो. ढिल्याला एका वेळी पाव फेरा द्या, जास्त नको. दोन-चार शेजारचे एकत्र ढिले असतील तर रिम वाकलेली आहे. गाडी आणा.

चेन

या गाड्यांचं सर्वांत जास्त नुकसान घट्ट चेनने होतं. शॉकअप दबताना पुढचं स्प्रॉकेट (चेनची दातेरी चकरी), स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात, तेव्हा चेन सर्वांत ताणलेली असते. ट्रॅव्हल मोठा म्हणून हा फरकही मोठा. साइड स्टँडवर नीटनेटकी दिसणारी चेन खड्ड्यात तारेसारखी ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते. ते बेअरिंग बदलायला इंजिन उघडावं लागतं.

योग्य ढील एकदा नीट शोधून ठेवा. माल बांधायच्या पट्ट्याने मागची बाजू दाबून तीन बिंदू एका रेषेत आणा. तिथे चेनला ८ ते १० मिमी ढील उरली पाहिजे. पट्टा सोडा आणि साइड स्टँडवर ढील किती दिसते ते मोजा. साधारण ३० ते ४० मिमी येईल. तो आकडा स्विंगआर्मवर मार्करने लिहा, पुढच्या वेळी तेवढाच ठेवा.

ओ-रिंग चेन रॉकेलने पुसा. पेट्रोल आणि तारेचा ब्रश रबराच्या रिंगा खराब करतात. वंगण गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना आतल्या बाजूने लावा आणि रात्रभर राहू द्या. कोरड्या दिवसांत ५०० किमीला, पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर.

पुढचं स्प्रॉकेट १३ऐवजी १२ दातांचं केलं तर चढावर आणि चिखलात गाडी खूप मोकळी वाटते. बदल्यात त्याच वेगाला आरपीएम सुमारे ८ टक्के वाढतो. आठवडाभर कात्रज-हिंजवडी करणाऱ्याने हे करू नये. ३९ दातांचं मागचं स्प्रॉकेट ४२चं केलं तर परिणाम जवळपास तोच होतो आणि पुढची चकरी लहान न केल्याने चेन कमी झिजते, मात्र चेन लांब लागते.

फुफाटा आणि पाणी

उन्हाळ्यातला फुफाटा इंजिनाचा खरा शत्रू आहे. कागदी एअर फिल्टर धुवायचा नसतो, आतून हलक्या हवेने झटकायचा, आणि ओला झाला तर फेकायचा. फोमचा फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टर ऑइल चोळून पिळायचा. कोरडा फोम माती अडवत नाही. जास्त हवा घेणारे फिल्टर बारीक मातीही जास्त घेतात. पिस्टन रिंग झिजून गाडी ऑइल खायला लागते तेव्हा फिल्टर कोणालाच आठवत नाही.

ओढ्यात उतरण्याआधी आपल्या गाडीचं हवेचं तोंड कुठे आहे ते बघून ठेवा. पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बाहेर ढकला, एअरबॉक्सच्या तळाची नळी मोकळी करा, प्लग काढा आणि मगच सेल्फ फिरवून पाणी उडवा. ऑइल दुधाळ दिसलं तर आधी ऑइल बदला. नुसती आडवी पडून बंद झाली असेल तर बहुधा टिप-ओव्हर सेन्सरने इंजिन बंद केलेलं असतं. इग्निशन बंद करून पुन्हा चालू करा.

वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन चाकाच्या बेअरिंगवर, लिंकेजवर आणि रेडिएटरवर मारू देऊ नका. पाणी सीलच्या आत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि दोन महिन्यांनी मागून कुरकुर सुरू होते. लिंकेज, स्विंगआर्म आणि कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) पावसाळा संपल्यावर उघडून ग्रीस करावेत. कोनसेट खराब झाल्याची खूण: पुढचं चाक उचलून हँडल हलवलं, की मध्यावर खाच लागल्यासारखं अडकतं.

ब्रेक आणि वायरिंग

चिखलात पॅड एका पावसाळ्यातही संपू शकतात. १.५ मिमीला बदला. कॅलिपरच्या पिनांना सिलिकॉन ग्रीस, ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी.

२० वॅटचे दोन दिवे मिळून साधारण ३.३ अँपिअर घेतात. त्यांना रिले आणि ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. हेडलाइटच्या वायरीला कट मारून जोडू नका, वॉरंटी तिथेच संपते. समोरच्याच्या डोळ्यांत जाणारे दिवे आम्ही खाली वाकवूनच देतो.

आम्ही काय बसवत नाही

आवाज करणारे सायलेन्सर बसवत नाही. जप्त सायलेन्सरवर पोलीस रोडरोलर फिरवतात, हे पुण्यात सर्वांनी पाहिलं आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याप्रमाणे बेकायदा फेरफाराला मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ऑक्सिजन सेन्सरला फसवणारे प्लग बसवत नाही. जाड लोखंडी पाइपचे अवजड गार्डही नाही. पडल्यावर ते स्वतः वाकत नाहीत, जिथे बोल्ट आहेत ती फ्रेम वाकवतात. ४ मिमी ॲल्युमिनियमची बॅश प्लेट (इंजिनाखालचं संरक्षक पत्र्याचं कवच) आणि आतून धातूची पट्टी असलेले हँडगार्ड पुरेसे आहेत. बॅश प्लेटमध्ये साचलेली लाल माती दर पंधरा दिवसांनी काढा, बोल्टना ग्रीस लावा.

गाडी आणताना

नेहमीचे बूट, जॅकेट आणि लांबच्या प्रवासाला नेता त्या भरलेल्या बॅगा सोबत आणा. सॅगचं माप त्याशिवाय निरर्थक आहे. बाजारातून, नाना पेठेतून किंवा ऑनलाइन घेतलेला पार्ट बसवून देतो, पण बिल आणि खोका आणा. नियमित चालवणारी व्यक्ती स्वतः यावी, भावाला पाठवू नये. गाडी आदल्या दिवशी बादलीतल्या पाण्याने धुऊन आणा. चिखलाने माखलेल्या गाडीचे धुण्याचे पैसे वेगळे पडतात.